आधी उजेड, मग पाणी, मग अर्थ: अमेरिकन नदीचित्रं पाहायची कशी

अमेरिकन चित्रकार थॉमस कोलचं ‘द ऑक्सबो’ (म्हणजे नदीचं नालासारखं वळण) हे चित्र दाखवलं की बहुतेक जण लगेच सांगतात, "डावीकडे रानटी निसर्ग, उजवीकडे माणसाची शेती." हे बरोबरच आहे. चित्राबद्दलच्या बहुतेक लेखांत तेच लिहिलेलं असतं. पण ते वाचून झालं की माणूस मान डोलावतो आणि पुढच्या चित्राकडे वळतो. माझंही बरीच वर्षं असंच व्हायचं. अर्थ आधीच हातात पडल्यामुळे चित्र पाहायचं राहून जायचं.

मग मी क्रम उलटा केला. आधी उजेड कुठून येतोय ते शोधायचं, मग त्याचं पाण्यावर काय झालंय ते पाहायचं, आणि अर्थाकडे सगळ्यात शेवटी यायचं. एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकन नदीचित्रांना हा क्रम फार मानवतो, कारण त्या चित्रकारांना जे सांगायचं होतं ते त्यांनी उजेडातूनच सांगितलं. साधारण 1825 ते 1875 या काळातल्या या मंडळींपैकी बऱ्याच जणांना पुढे ‘हडसन रिव्हर स्कूल’ म्हणू लागले. ती काही शाळा नव्हती. एकमेकांना ओळखणारे, एकाच नदीखोऱ्यात भटकणारे चित्रकार होते ते.

खालच्या पायऱ्या घरी बसून करता येतात. चित्रकला येत नसली तरी चालेल.

तयारी

एका बैठकीला एकच चित्र घ्या आणि त्याला 40 मिनिटं द्या. न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन म्युझियम (सगळे त्याला ‘मेट’च म्हणतात), वॉशिंग्टनची नॅशनल गॅलरी ऑफ आर्ट आणि क्लीव्हलंड म्युझियम ऑफ आर्ट या तिन्ही संस्थांनी स्वामित्वहक्क संपलेल्या चित्रांच्या मोठ्या प्रतिमा संकेतस्थळावर मोफत ठेवल्या आहेत. त्या उतरवून घ्या. फोनपेक्षा लॅपटॉप बरा. आणि एक गोष्ट आवर्जून करा: रात्री स्क्रीन पिवळसर करणारी सोय बंद ठेवा. उजेडाचा अभ्यास करायचा आणि स्क्रीनच सगळ्या उजेडाला हळद लावतेय, असं नको.

सोबत वही, 4बी किंवा 6बी पेन्सिल आणि चिकटपट्टी. चिकटपट्टी भिंतीसाठी. मूळ चित्राचं माप संकेतस्थळावर दिलेलं असतं, त्या मापाची चौकट भिंतीवर आखा. ‘द ऑक्सबो’ 131 सेंटिमीटर उंच आणि 193 सेंटिमीटर रुंद आहे, दोन्ही हात पसरले तरी कवेत मावणार नाही एवढं. याउलट सॅनफर्ड गिफर्डचं ‘हुक माउंटन’ (1866, येल विद्यापीठाच्या संग्रहात) जेमतेम एक वीत उंच आणि दोन वीत लांब आहे. स्क्रीनवर दोन्ही सारखीच दिसतात. भिंतीवर चौकट आखली की लगेच कळतं, एकासमोर उभं राहून मान फिरवावी लागणार आणि दुसऱ्याजवळ वाकून श्वास रोखून पाहावं लागणार. चित्राचा भाव निम्मा इथेच ठरतो.

पायरी 1: डोळे किलकिले करा

पापण्या इतक्या मिटा की तपशील विरघळतील आणि फक्त गडद-फिकट डाग उरतील. मग वहीत काडेपेटीएवढी चौकट काढून त्यात तीनच छटा भरा: गडद, मधली, कोरी. झाडं, ढग, होड्या काही काढायचं नाही. जमत नसेल तर प्रतिमा कृष्णधवल करून पाहा.

‘द ऑक्सबो’चं असं केलं की डावीकडून उतरत खालच्या उजव्या कोपऱ्याकडे आलेला काळोखाचा एक मोठा त्रिकोण उरतो आणि त्याच्यापलीकडे फिकट मैदान. शेती आणि रान यांचा अजून पत्ताही नाही, पण वादळ ओसरतंय हे शरीराला कळलेलं असतं.

आता जॉर्ज केलेब बिंगहॅमचं ‘मिसूरीवरून उतरणारे फर-व्यापारी’ घ्या (1845, मेट). डोळे किलकिले करताच जवळजवळ सगळं चित्र फिकट धुक्यात जातं. मधोमध एक आडवी गडद रेघ उरते, ती होडी. आणि त्या रेघेच्या टोकाला एक लहानसा काळा ठिपका, जरा अस्वस्थ करणारा. तो ठिपका लक्षात ठेवा, त्याच्याकडे परत यायचंय.

पायरी 2: सूर्य शोधा

तीन खुणा पाहा. झाडाच्या खोडाची कुठली बाजू उजळली आहे? सावल्या कुठे पडल्या आहेत, आणि त्या लांब आहेत की आखूड? ढगांची कड उजळली आहे, माथा की पोट? यावरून सूर्य चौकटीच्या आत आहे की बाहेर, वर आहे की क्षितिजाखाली, हे ठरवता येतं. चित्राबाहेर बाण काढून सूर्याची जागा वहीत नोंदवा.

ढगाच्या पोटाची खूण फ्रेडरिक चर्चच्या ‘ट्वायलाइट इन द वाइल्डरनेस’मध्ये (1860, क्लीव्हलंड) अगदी ठळक दिसते. सूर्य मावळून गेलाय. उजेड खालून वर जातोय आणि ढगांची पोटं पेटवतोय. असा लाल-केशरी भडका रंगवायला चर्चच्या हाताशी कॅडमियमसारखे नव्या जमान्यातले रंग होते. आधीच्या पिढीला ही पेटी नव्हती. रंग नळीत मिळू लागले तेही 1841 नंतर. जॉन गॉफ रँड या अमेरिकन चित्रकारानं दाबून रंग काढायच्या धातूच्या नळीचं पेटंट त्या वर्षी घेतलं.

सूर्य चौकटीच्या आतच असला तर आपल्याकडे येणारी प्रत्येक वस्तू पाठमोऱ्या उजेडात असते. रंग हरवतो, कडा विरतात, हवाच दिसू लागते. गिफर्डचं सगळं लक्ष या हवेकडे होतं. तो पूर्ण झालेल्या चित्रावर अर्धपारदर्शक वॉर्निशचे अनेक हात देत असे, म्हणजे पाहणारा आणि कॅनव्हास यांच्यामध्ये एक पडदा तयार होई, जसा प्रत्यक्षात डोळा आणि डोंगर यांच्यामध्ये हवेचा असतो. म्हणून गिफर्डचं चित्र स्क्रीनवर फार मोठं करून पाहू नका. पडदा नाहीसा होतो आणि नुसता रंग उरतो.

पायरी 3: पाणी वाचा

इथे घाई नको. नदीचित्रात उजेड दोनदा पडतो, एकदा जगावर आणि एकदा पाण्यावर. पाण्यावरची प्रत तंतोतंत नसते. नेमका काय फरक आहे ते पाहायचं.

पाण्याचे चार नियम माहीत असले की पुरे. पहिला, प्रतिबिंब वस्तूच्या सरळ खाली पडतं, सावलीसारखं तिरकं नाही. दुसरा, दूरचं पाणी आरशासारखं वागतं आणि पायाजवळच्या पाण्यात तळ दिसतो, कारण दूरच्या पाण्याकडे आपली नजर अगदी तिरकी जाते. तिसरा, प्रतिबिंबात उजळ वस्तू जराशी गडद आणि गडद वस्तू जराशी फिकट होते. चौथा, वाऱ्यानं पाणी थरथरलं की प्रतिबिंब उभं लांबतं आणि दूरवर पाण्याचा एखादा आडवा पट्टा पूर्णच फिकट होतो.

आता हे नियम चित्राला लावा. कुठे पाळलेत आणि कुठे वाकवलेत? वाकवले असतील तर चित्रकाराला तिथे काहीतरी हवं होतं.

बिंगहॅमच्या मिसूरीकडे परत या. ही नदी प्रत्यक्षात गढूळ आणि जोरदार. पाण्याखाली अडकलेल्या झाडांचे बुंधे हे होडीवाल्यांचं मोठं संकट होतं. चित्रात असे काही बुंधे डोकावतातही. पण पाणी काचेसारखं निश्चल आहे आणि होडी त्यावर तरंगतेय की टांगून ठेवली आहे, कळत नाही. टोकाला बांधलेल्या त्या काळ्या प्राण्याचं प्रतिबिंब शांतपणे खाली उतरलंय. ते बहुधा अस्वलाचं पिल्लू आहे. पूर्वी त्याला कोल्हा किंवा मांजरही समजत. वाहत्या नदीला थांबवून बिंगहॅमनं काळच थांबवलाय. 1845 मध्ये या नदीवर वाफेच्या बोटी चालू झाल्या होत्या आणि अशा एकट्या-दुकट्या व्यापाऱ्यांचे दिवस सरत आले होते. चित्र काढलं जात असतानाच ते आठवण होऊ लागलं होतं. हे मला पाण्यानं सांगितलं, इतिहासाचं पुस्तक मी नंतर उघडलं.

हडसनबाबत एक गोष्ट कोकणातल्या वाचकांना चटकन कळेल. ही नदी समुद्रापासून ट्रॉय गावापर्यंत, म्हणजे जवळजवळ 250 किलोमीटर, भरती-ओहोटीची आहे. मोहिकन लोकांचं तिचं जुनं नाव दोन्ही बाजूंना वाहणाऱ्या पाण्याचं आहे. न्यायॅकजवळ, जिथे गिफर्डचा हुक माउंटन उभा आहे, तिथे ती सुमारे 5 किलोमीटर रुंद होते. आपण तिला खाडीच म्हटलं असतं. भरती पूर्ण होऊन पाणी वळायच्या आधी खाडी काही वेळ कशी गप्प होते, ते ज्यांनी पाहिलंय त्यांना गिफर्डचं पाणी अतिशयोक्त वाटणार नाही.

अशा स्थिर पाण्याच्या, कुंचल्याचा फटकारा दिसू न देणाऱ्या चित्रांना आज ‘ल्युमिनिझम’ म्हणतात. हा शब्द जॉन बाऊर या अभ्यासकानं 1954 साली रूढ केला. गिफर्ड, केन्सेट, हीड या चित्रकारांनी तो कधी ऐकलाच नव्हता. म्हणून चित्रावर तो शिक्का मारून मोकळं होऊ नका.

पायरी 4: उजेडाला मराठी नाव द्या

भाव ओळखा म्हटलं की आपण "शांत", "सुंदर", "गूढ" एवढंच लिहून थांबतो. त्यातून काही हाती लागत नाही. त्याऐवजी चित्रातल्या उजेडाला नेमका मराठी शब्द शोधा. आपल्याकडे त्यांची चैन आहे: झुंजूमुंजू, तांबडं फुटणं, कोवळं ऊन, लख्ख ऊन, रखरख, तिरीप, कवडसा, झाकोळ, उन्हं कलणं, कातरवेळ, तिन्हीसांज, दिवेलागण. यातल्या प्रत्येक शब्दात वेळ, हवा आणि मनाची अवस्था आधीच एकत्र बांधलेली आहे.

बिंगहॅमसाठी मी वहीत ‘कोवळं ऊन, धुक्यातून’ असं लिहिलंय. चर्चच्या संध्याकाळच्या चित्राला ‘तिन्हीसांज’ लिहायला गेले आणि थांबले. तिन्हीसांजेला आपल्याकडे घर असतं, दिवा असतो, परत येणारी गुरं असतात. चर्चच्या चित्रात एकही माणूस नाही, छप्पर नाही, धूर नाही. ज्या संध्याकाळी कुणी घरी परतत नाही, तिला आपल्याकडे शब्दच सापडेना. त्या न सापडण्यातूनच मला चित्राचा भाव कळला. 1860 मध्ये यादवी युद्ध एका वर्षावर आलं होतं आणि अनेक अभ्यासक त्या आकाशात त्याची चाहूल पाहतात. मी तेवढं ठामपणे म्हणणार नाही. मला त्या पाण्यात फक्त वाट पाहणं दिसतं.

थॉमस ईकिन्सच्या ‘मॅक्स श्मिट’ या चित्राला (1871, मेट) मात्र एकच शब्द पुरतो: लख्ख. फिलाडेल्फियाची स्कूलकिल नदी, वल्हं थांबवून मागे वळून पाहणारा श्मिट, लांब दोन पूल. धुक्याचा लवलेश नाही, प्रत्येक कड धारदार. दूरच्या होडीत ईकिन्स स्वतः वल्हवतोय. इथली नदी कसली प्रतीक-बितीक नाही. ती सरावाची जागा आहे, आणि उजेडही तसाच सरळ आहे.

या पायरीचा सराव करायचा असेल तर कोलची ‘व्हॉयेज ऑफ लाइफ’ ही चार चित्रांची मालिका घ्या (1842 ची प्रत नॅशनल गॅलरीत आहे). बालपण, तारुण्य, प्रौढपण, वार्धक्य. नदी एक, होडी एक, माणूस एक, बदलतो तो उजेड आणि पाण्याचा वेग. मला ही मालिका कोलच्या इतर चित्रांइतकी प्रिय नाही, कारण ती सगळं फोडून सांगते. पण शिकायला तेच सोयीचं.

पायरी 5: तुम्ही कुठे उभे आहात?

क्षितिजरेषा किती उंचीवर आहे ते पट्टीनं मोजा. क्षितिज नेहमी पाहणाऱ्याच्या डोळ्याच्या पातळीवर असतं, म्हणून त्यावरून चित्रकारानं आपल्याला कुठे उभं केलंय ते समजतं. ‘द ऑक्सबो’मध्ये आपण होल्योक डोंगरावर, मैदानापासून बरेच उंच आहोत. बिंगहॅमच्या चित्रात आपण पाण्याच्या जवळजवळ पातळीला, बहुधा दुसऱ्या होडीत. होडीतला मुलगा सरळ आपल्याकडे पाहतोय.

चर्चच्या ‘नायगारा’त (1857, नॅशनल गॅलरी) तर उभं राहायला जागाच नाही. निसर्गचित्रात पुढे थोडी माती, एखादा खडक, दोन झुडपं ठेवायची रीत होती, पाहणाऱ्याचे पाय टेकायला. चर्चनं काठच काढून टाकला. खालच्या कडेपासून पाणी सुरू होतं आणि डोळा त्याबरोबर कड्यावरून खाली जातो. न्यूयॉर्कमध्ये हे एकच चित्र 25 सेंट तिकीट लावून दाखवलं गेलं आणि लोकांनी गर्दी केली.

एवढं झालं की ट्रेसिंग पेपरवर नदीची फक्त कड गिरवा. आपण शाळेत दोन डोंगरांमधून काढायचो ती नदी थेट पायाशी येते. कोलची कनेक्टिकट नदी तशी येत नाही. ती वळते, स्वतःकडेच परत येते, आणि त्या वळणात प्रश्नचिन्हासारखा आकार दिसतो.

पायरी 6: आता माणसं, बुंधे, धूर

अर्थाकडे यायची वेळ आता झाली. चित्र मोठं करा आणि कोपरान्‌कोपरा तपासा. प्रत्येक खुणेपाशी एकच प्रश्न विचारा: ही उजेडात आहे की सावलीत?

‘द ऑक्सबो’त खाली, मधोमध, खडकांच्या बेचक्यात कोल स्वतः आहे. टोपी घालून चित्र काढतोय आणि मान वळवून आपल्याकडे पाहतोय. तो काळोखाच्या बाजूला बसलाय आणि कॅनव्हाससमोर उजळलेलं मैदान आहे. त्याला रान हवं होतं, आणि तरी सोन्यासारखा उजेड त्यानं शेतांवर टाकला. दूरच्या टेकडीवर झाडं तोडल्याचे डाग आहेत. काही अभ्यासकांना त्यांत हिब्रू अक्षरं दिसतात. मला डाग दिसतात, आणि तेवढे पुरतात. कोल पुढे जाऊन कुठल्या बाजूला उठून बसला असता, हे चित्र सांगत नाही.

रॉबर्ट डंकन्सनचं ‘केंटकीतल्या कोव्हिंग्टनहून सिनसिनाटी’ (सुमारे 1851) पाहताना नदीचं नाव माहीत असावंच लागतं. ती ओहायो आहे. अलीकडचा काठ केंटकीचा, जिथे गुलामगिरी कायदेशीर होती. पलीकडचं शहर ओहायो राज्यात, जिथे ती नव्हती. डंकन्सन स्वतः मुक्त कुटुंबात जन्मलेला कृष्णवर्णीय चित्रकार, आणि त्यानं आपल्याला उभं केलंय ते केंटकीच्या बाजूला. 1850 च्या कायद्यामुळे पळालेल्या गुलामाला नदी ओलांडूनही पकडून परत नेता येत होतं. हे कळल्यावर तो रुंद, गुळगुळीत पाण्याचा पट्टा पुन्हा पाहा. मला या लेखातल्या सगळ्या चित्रांत ही नदी सर्वांत रुंद वाटते.

पायरी 7: जे रंगवलं नाही ते

चित्राशेजारी नकाशा उघडा. टॉमस मोरननं वायोमिंगच्या ग्रीन रिव्हरचे कडे अनेकदा रंगवले. नॅशनल गॅलरीत 1881 चं एक आहे. सोनेरी कडे, नदी, घोड्यांवरून जाणारा मूलनिवासींचा जथा. मोरन त्या जागी 1871 मध्ये पहिल्यांदा उतरला तो रेल्वेनं, आणि तिथे रेल्वेचं गाव वसलेलं होतं. चित्रात रूळ नाहीत, गाव नाही. मूलनिवासी आहेत, पण शोभायात्रेसारखे. त्यांना त्या भूमीतून हुसकावलं जात होतं, याची खूणही नाही. चित्राचा उजेड अप्रतिम आहे. त्याच उजेडानं हे सगळं झाकलंही आहे. दोन्ही वाक्यं वहीत लिहा.

चेरोकी वंशाच्या चित्रकार के वॉकिंगस्टिक यांनी या परंपरेला चित्रांतूनच उत्तर दिलंय. त्या असेच डोंगर, अशाच नद्या रंगवतात आणि त्यावर, ज्या जमातीची ती भूमी, तिच्या नक्षीचा पट्टा काढतात. 2023 मध्ये न्यूयॉर्क हिस्टॉरिकल सोसायटीत त्यांची चित्रं हडसन रिव्हर स्कूलच्या चित्रांशेजारी लावली होती. मोरननंतर लगेच त्यांचं एक चित्र पाहा.

आणि ‘द ऑक्सबो’चा नकाशाही उघडाच. कोलनं रंगवलेली ती वळणदार नदी आज तशी नाही. चित्रानंतर चारच वर्षांनी, 1840 मध्ये, कनेक्टिकटनं वळणाची अरुंद मान फोडली आणि सरळ वाट धरली. जुनं वळण आता बाजूला पडलेलं पाणी आहे.

प्रत्यक्ष जायचं असेल तर

न्यू जर्सी-न्यूयॉर्क भागात राहणारे किंवा मुलांकडे गेलेले मराठी वाचक बरेच आहेत, त्यांच्यासाठी. पेन स्टेशनहून हडसन गावाला जाणारी ॲमट्रॅकची गाडी सुमारे दोन तास नदीच्या पूर्व काठानं जाते. जाताना डाव्या खिडकीत बसा. हडसनहून टॅक्सीनं ओलाना गाठता येतं, ते चर्चचं टेकडीवरचं घर. नदीपलीकडे कॅट्सकिलला कोलचं घर आहे. दोन्ही घरांना जोडणारी पायवाट रिप व्हॅन विंकल पुलावरून जाते आणि पुलाच्या मध्यावर नदी दोन्ही बाजूंना दिसते.

परतीची गाडी दुपारनंतरची घ्या. आता नदी उजव्या खिडकीत असेल आणि सूर्य पलीकडच्या काठाच्या डोंगरांवर कललेला असेल, म्हणजे सगळं पाठमोऱ्या उजेडात. टॅरीटाउन यायच्या थोडं आधी पात्र रुंद होतं आणि समोर हुक माउंटन येतो. फोटो काढू नका. डोळे किलकिले करा, काडेपेटीएवढ्या चौकटीत तीन छटा भरा आणि खाली उजेडाचं नाव लिहा. मी लिहिलं होतं, ‘उन्हं कलली, पाणी थांबलं.’